चार पावलांवरची कचरापेटी

जे पुढे लिहितो आहे, त्यातला एक शब्दही आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेला नाही — पत्नीसमोर नाही, आणि ज्या माणसाचे नुकसान केले त्याच्यासमोर तर नाहीच. तुम्हाला सांगतो आहे, कारण तुमचा चेहरा मला दिसत नाही. हे मैत्रीचे लक्षण नव्हे, हे मला ठाऊक आहे. पण माझ्याकडून एवढेच होते.

लोक मला भिडस्त म्हणतात. सभेत मागच्या खुर्चीवर बसणारा, बोलण्याआधी दोनदा घसा साफ करणारा. भिडस्त माणसाविषयी सर्वांचा एक समज असतो — हा कोणाचे वाईट करणार नाही. का करणार नाही? त्याला राग येत नाही, असे कोणी सांगितले? तो राग दाखवत नाही, एवढेच. न दाखवलेला राग जातो कुठे, हे कधी कोणी मला विचारले नाही.

सोलापुरात मी तीस वर्षे तर्कशास्त्र शिकवले. सायकल मात्र आयुष्यात प्रथम शिकलो ती त्रेपन्नाव्या वर्षी, गुडघ्याच्या दुखण्यावर उपाय म्हणून. मग सकाळी होटगी रस्त्याने जाणाऱ्या एका गटात सामील झालो. मी कायम शेवटी असे. कोणी हसत नसत. पुढे जाऊन झाडाखाली थांबत, माझी वाट पाहत. ते थांबणे मला हसण्यापेक्षा लागत असे.

त्या गटात मला मान मिळाला तो एका यादीमुळे. विमानाने गुवाहाटीला जायचे आणि तिथून नऊ दिवस डोंगरात सायकली चालवायच्या, असे ठरले. सायकल सुटी करून पेटीत कशी भरायची, कोणते हत्यार पेटीत, कोणते हातातल्या पिशवीत, कोणते कुठेच नाही — हे कोणालाच नीट माहीत नव्हते. मी चार दिवस खपून सगळे नियम वाचले आणि बारा ओळींची यादी केली. पाने, स्क्रूड्रायव्हर, साखळी तोडायचे यंत्र — पेटीत. चाकांतली हवा कमी करणे. सातवी ओळ अशी होती : टायरमध्ये क्षणात हवा भरणारी, अंगठ्याएवढी गॅसची नळकांडी पेटीतही नकोत आणि पिशवीतही नकोत. आमचे म्होरके दातांचे डॉक्टर; त्यांनी त्या यादीच्या प्रती काढून सर्वांना वाटल्या. ‘सरांची यादी’ असे तिचे नाव पडले. मला ते आवडले होते. फार आवडले होते.

आता मल्लिनाथविषयी सांगायला हवे. मी टाळतो आहे, हे तुमच्या लक्षात आले असेलच.

मल्लिनाथ मूळचा होटगीचा. त्याचे सायकलदुरुस्तीचे दुकान आहे. आमच्या सगळ्यांच्या सायकली त्याच्या हाताखालून जात. घरी कन्नड, दुकानात मराठी. त्याचे वडील रेल्वेतल्या लोकांच्या सायकली दुरुस्त करत, आणि त्यांचा पितळी तारपाना — चाकाच्या तारा आवळून त्याचा आउट, म्हणजे डुलणे, काढायचा तो चिमुकला पाना — मल्लिनाथ नेहमी जवळ बाळगी. या सफरीला त्याला मेकॅनिक म्हणून न्यायचे ठरले. तिकडच्या आयोजकाने डॉक्टरांना सांगितले होते की, माणूस कामाचा निघाला तर पूर्ण हंगामासाठी ठेवून घेऊ. दर वर्षी बोलावू. मल्लिनाथने ही गोष्ट येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगितली. पंक्चर काढता काढता सांगितली. त्याच्या बायकोने नवा शर्ट शिवून घेतला.

निघण्याच्या दोन दिवस आधी त्याच्याच दुकानासमोर पेट्या भरल्या. सायकलींना गुंडाळायला जुन्या चादरी — सोलापुरात दुसरे काय गुंडाळणार? पायडल काढावेच लागतात. माझे मी काढीन, असे मी म्हणालो. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. तो उजवीकडे फिरवला तरच सुटतो. मी हे वाचलेले होते. इतरांना समजावूनही सांगितले होते. आणि तरीही, दहा माणसे भोवती उभी असताना, मी पाना लावला आणि सगळ्या अंगाचा भार देऊन चुकीच्या दिशेने फिरवला. पायडल गच्च बसला.

मल्लिनाथ उकिडवा बसून पाहत होता. म्हणाला, “सर, डावा पायडल उलटा सुटतो की. यादीत न्हाय व्हय लिवलं?”

सगळे हसले. मीही हसलो. त्याने लांब दांड्याचा पाना लावला, त्यावर टाच ठेवून एक हिसका दिला आणि सुटलेला पायडल पुसून माझ्या हातात दिला. “घ्या. ताकद लई हाय तुमच्यात. फकस्त दिशा चुकली.”

तो मायेने बोलला होता. हे मला आज कळते, असे लिहिणे सोपे आहे — पण ते खोटे ठरेल. मला तेव्हाही कळले होते. तरी त्या क्षणापासून मी त्याचा द्वेष करू लागलो. मोठा शब्द आहे ना? मी तो विचार करून लिहिला आहे. दुसरा शब्द शोधला, सापडला नाही.

पुण्याच्या विमानतळावर पेट्यांचे वजन झाले. माझी थोडी जड भरली, तेव्हा सायकलच्या सीटखाली लावायची लहान थैली मी पेटीतून काढून हातातल्या पिशवीत टाकली. पेट्या आत गेल्या. सुरक्षा तपासणीला अवकाश होता म्हणून मंडळी चहाला गेली. मल्लिनाथचे हात चिकटपट्टीने चिकट झाले होते. तो हात धुवायला निघाला आणि आपली रेक्झिनची पिशवी माझ्या पायाशी ठेवून म्हणाला, “सर, जरा बघा हं.” जाता जाता त्याने पितळी तारपाना दाखवून विचारले होते, हे चालंल का. मी चालेल म्हणालो होतो.

तो गेल्यावर मला आठवले. माझ्या थैलीत दोन नळकांडी होती.

हातपंप मारताना माझे दंड दोन मिनिटांत थकतात. ते कोणाला कळू नये म्हणून मी ही नळकांडी गुपचूप बाळगत असे. सातवी ओळ लिहिणाऱ्याच्या थैलीत सातव्या ओळीतली वस्तू! विसरलो होतो, हे खरे. तोवरच्या सगळ्याला चूक म्हणता येईल. त्यापुढच्याला येत नाही.

अनेक वर्षे मी स्वतःला सांगत आलो की, मी घाबरलो. डॉक्टर पाहतील, पुन्हा हशा होईल, यादीची लाज जाईल. पण कोण पाहत होते? सगळे चहाला गेले होते. आणि पाण्याच्या बाटल्या टाकण्यासाठी ठेवलेली कचरापेटी माझ्यापासून चार पावलांवर होती. दोन नळकांडी, चार पावले. संपले असते.

मल्लिनाथच्या पिशवीच्या बाहेरच्या कप्प्याची चेन तुटलेली होती. तिथे सेफ्टी पिन लावलेली होती. मी ती पिन उघडली. नळकांडी आत ठेवली. पिन पुन्हा लावली. ती अडखळत होती, नीट बसेना, म्हणून काढून परत लावली. घाबरलेला माणूस पिन दोनदा लावतो का?

मल्लिनाथ ओले हात नव्या शर्टाला लागणार नाहीत असे अंगापासून दूर धरून परत आला. मला म्हणाला, बरं झालं सर, तुमी हुता.

तपासणीच्या यंत्रातून माझी पिशवी पार झाली. त्याची थांबली. जवानाने ती बाजूला ओढली, पिन उघडली आणि दोन्ही नळकांडी ट्रेमध्ये ठेवली. हे काय आहे, असे हिंदीत विचारले. मल्लिनाथ आधी हसला — गोंधळला की तो हसतो — आणि ते हसणे जवानाला आवडले नाही. मग पूर्ण पिशवी उपडी झाली. शेंगाचटणीची पुडी, टॉवेल, तारपाना. हत्यार म्हणून तारपानाही ट्रेमध्ये पडला. मल्लिनाथची हिंदी तुटकी. घाबरल्यावर मराठीही आठवेना. “नंदल्ल, नंदल्ल,” म्हणू लागला — माझे नाही, माझे नाही. जवानाला कन्नड कळत नव्हती. एक अधिकारी आला, आवाज चढले. मी काय चोर हाय का, असे मल्लिनाथ त्याच्यावर ओरडला, आणि तिथून सगळे बिघडत गेले.

मी पट्टा बांधत सहा हातांवर उभा होतो. त्याने मला पाहिले. त्याच्या चेहऱ्यावर सुटकेचा भाव आला — नियम जाणणारा माणूस जवळ आहे, या विचाराने.

“सर, तुमी सांगा की यांना. तुमाला म्हाईत हाय, मी हातानं हवा भरतो. मला कशाला लागतंय असलं?”

अधिकाऱ्याने माझ्याकडे पाहिले. मी घसा साफ केला. म्हणालो, “मी सर्वांना यादी दिली होती.”

विधान सत्य होते. तर्कशास्त्राच्या कोणत्याही कसोटीवर सत्य. अधिकाऱ्याने मान हलवली : म्हणजे माहीत असूनही आणले. मल्लिनाथ माझ्याकडे पाहत राहिला. तो रागावला नव्हता. आपले नेमके काय चुकले, हे शोधणाऱ्या माणसासारखा तो दिसत होता — डाव्या पायडलसमोर मी उभा होतो, तसा. हेच मला पाहायचे होते. ते पाहून मला बरे वाटले. हे वाक्य वगळून मी हा मजकूर कितीदा तरी मनात लिहिला आहे. आज वगळत नाही.

त्याला चौकशीसाठी नेले. विमान सुटायची वेळ झाली तरी तो आला नाही. मग त्याची पेटी विमानातून खाली काढावी लागली, त्यात अर्धा तास गेला, आणि तो अर्धा तास आमची मंडळी त्याला नावे ठेवत होती. डॉक्टर म्हणाले, अशा माणसाला आणलं हीच चूक. आपल्यापैकी कोणीतरी मागे थांबावे, असे कोणी सुचवले नाही. मीही नाही. माझी खिडकीची जागा होती.

मल्लिनाथला संध्याकाळी सोडले. तो सायकलीची पेटी घेऊन एसटीने सोलापूरला परतला. आयोजकाने दुसरा मेकॅनिक पाहिला; तोच आजही दर हंगामाला जातो. आमच्या गटात एक म्हणण्याची पद्धत पडली. कोणी काही विसरले, हरवले की ‘मल्लिनाथ केला’ म्हणतात. मीही म्हणालो आहे. दोनदा.

इथे थांबता आले असते.

परतल्यावर महिनाभराने माझ्या मागच्या चाकाचा आउट काढायचा होता. दुसऱ्या दुकानात गेलो असतो तर लोकांनी कारण विचारले असते, म्हणून त्याच्याकडे गेलो. त्याने चाक स्टँडवर लावले आणि फिरवत, कान देत, तारा आवळू लागला. हातात नवा पाना होता. अजून हाताला बसत न्हाय, म्हणाला. मग आपणहून सांगू लागला. ती रेक्झिनची पिशवी त्याची नव्हतीच. अक्कलकोटच्या मेव्हण्याकडून मागून आणलेली. मेव्हणा लग्नकार्यात सरबत-सोड्याचे काउंटर लावतो; त्याच्याकडे असली बारकी नळकांडी असतात. त्याचीच कप्प्यात राहिली असणार. मल्लिनाथने अक्कलकोटला जाऊन, चार लोकांसमोर त्याला बोलून घेतले. मेव्हण्याने नाही म्हटले, आईची शपथ घेतली. मल्लिनाथने शपथेलाही खोटे ठरवले. तेव्हापासून येणे-जाणे बंद. बायको माहेरचे नाव काढत नाही. नागपंचमीला गेली नाही.

“चूक माजीच,” तो म्हणाला. “तुमी यादीत सगळं लिवलं हुतं. मी बॅग झटकून बगायला पायजे हुती.”

चाक सरळ फिरत होते. एका वाक्याचे काम होते. तेव्हा आसपास जवान नव्हता, डॉक्टर नव्हते, विमान सुटत नव्हते. मी म्हणालो, आता छान फिरतेय.

या गोष्टीला सहा वर्षे झाली. त्याच्या बायकोचे वडील मधल्या काळात वारले. ती माहेरी जाऊन आली, तो गेला नाही. मी अजूनही त्याच्याच दुकानात जातो. तो मला खुर्ची पुसून देतो.

यादी आता बरीच लांब झाली आहे. विमानाने सायकल नेणारे सोलापूरचे, पार वैरागपर्यंतचे लोक ती माझ्याकडून मागून घेतात. सातवी ओळ मी तशीच ठेवली आहे. खाली माझे नाव असते.

कचरापेटी निळ्या रंगाची होती. तिचे झाकण उघडेच होते. पिन लावताना मी तिच्याकडे पाहिले होते.