दारातल्या चपला

आमच्या गावच्या सरकारी शाळेच्या बाई आष्टीहून स्कुटीवर येतात. आल्या की आधी दारातल्या चपला मोजतात, मगच वर्गात शिरतात. किती पोरं आली, हे त्यांना चपलांवरूनच कळतं. बोलताना प्रत्येक वाक्याला "बराबर ना?" लावतात आणि उत्तराची वाट मात्र पाहत नाहीत.

मी पोरगी होते तेव्हा त्याच शाळेच्या मागच्या भिंतीवरून पळायचे आणि स्वतःला फार हुशार समजायचे. ती हुशारी अजून गेलेली नाही. पट कमी झाला म्हणून शाळा बंद करायची का, ते बघायला शिक्षण खात्याचे साहेब येणार होते. त्या दिवशी मी माझ्या नातीसकट इंग्रजी शाळेच्या गाडीत जाणारी पोरं गोळा केली आणि गुपचूप वर्गात नेऊन बसवली.

साहेब दाराशी आले. मळक्या चपलांमध्ये मी आणलेल्या पोरांचे काळे बूट चमकत होते. बाई वाकल्या आणि एकेक बूट उचलून बाजूला ठेवायला लागल्या.

"हे पाहुणे हायेत साहेब," त्या म्हणाल्या. "चपला तेवढ्या आमच्या."

साहेब 'कळवतो' म्हणून निघून गेले.

"काय केलंत हो बाई?" मी म्हटलं. "शाळा जाईल की हातची."

"मंग नातीला रोजच आणा ना, आज्जी. बराबर ना?"

या खेपेला त्या उत्तरासाठी थांबल्या. मी वाकून नातीचे बूट शोधायला लागले.

आज सकाळी दारात गाडीचा हॉर्न वाजून राह्यलाय. "आत्याबाई, हिचा दुसरा बूट पाह्यला का?" सून विचारतेय. मी भोळा चेहरा करून शेंगा फोडतेय. बूट माझ्या पदराखाली आहे.