लाल ठिपक्याची बॅटरी

जुळे सोलापुरातल्या अजिनाथ फोटोवाल्याचे हट्ट दोन. बॅटरी कॅमेऱ्याच्या कंपनीचीच पाहिजे, आणि फॅमिली फोटोला सख्खे आधी. स्टेजवर गर्दी झाली की त्याचा आवाज स्पीकरच्याही वर चढायचा, "सख्खे तेवढे थांबा! बाकीचे खाली उतरा, खाली!" कुणाची मावशी रुसली तरी हा गडी ढिम्म.

बॅटरीचा हट्ट मात्र उगाच नव्हता. पाच वर्षांमागं एका लग्नात बाजारच्या बॅटरीनं 'अर्धी भरलेय, अर्धी भरलेय' असं दाखवत ऐन सप्तपदीत मान टाकली होती. नवरीच्या बापानं भर मांडवात जे ऐकवलं, ते अजिनाथला अजून पाठ आहे. तेव्हापासून बाजारचा माल त्याच्या लेखी परका. पण कॅमेरा जुना. त्याची कंपनीची बॅटरी दुकानात मिळेनाशी झाली, म्हणून जोडीला बाजारची एक नाइलाजानं ठेवावी लागली. दोन्हींवर त्यानं पांढरी पट्टी चिकटवली आणि कंपनीच्या बॅटरीवर लेकीच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला. ठिपक्याची बॅटरी मोक्याच्या वेळेला, बिनठिपक्याची किरकोळ कामाला. इतकं सोपं.

तुळशीचं लग्न उरकलं आणि सीझन सुरू झाला. पहिलंच काम सांगोल्याकडच्या बिरुदेवाच्या पोरीचं. बिरुदेव मेंढरं राखणारा साधा माणूस, पोरगी प्रियदर्शनी एकुलती एक. सकाळीच ती अजिनाथला म्हणाली, "काका, कानपिळीचा फोटो तेवढा चुकवू नका. सिदूदादा एकाच दिवसाच्या रजेवर आलाय. चारच्या गाडीनं परत जायचाय मिल्ट्रीत."

"चुकतोय कशाला? त्याच्यासाठी कंपनीची बॅटरी राखून ठेवलीय की!" अजिनाथनं पाकिटातली लाल ठिपक्याची बॅटरी काढून तिला दाखवलीसुद्धा. दुसरी चार्जरवरून काढून कॅमेऱ्यात कधीच सरकवली होती. तिच्याकडं बघायचंय काय?

अक्षता पडल्या. फॅमिली फोटोला सगळे स्टेजवर चढले. अजिनाथ नेहमीसारखा ओरडला, "सख्खे तेवढे थांबा!" मग नवरीशेजारच्या उंच पोराला विचारलं, "तू कोण? सख्खा भाऊ का?"

बिरुदेव गडबडला. "सिदू हाय ह्यो. आईबाप गेलं तवा दोन वर्साचा हुता. आमच्यातच वाढला. मानलेला म्हना, पर..."

"मानलेले नंतर घेऊ!"

सिदू हसून खाली उतरला. खाली जाऊन त्यानं बिरुदेवाचा पटका सांभाळत धरला, फोटोसाठी नवा फेटा बांधल्यावर काढून ठेवलेला. प्रियदर्शनी फोटोत हसली नाही. नवऱ्या मुली रडव्याच असतात, अजिनाथला त्यात काही वावगं वाटलं नाही.

पुढं कानपिळीची वेळ झाली. नवऱ्यामुलाचा कान पिळायला सिदू पुढं आला, अजिनाथनं कॅमेरा डोळ्याला लावला, आणि कॅमेरा गप्प. पडदा काळा!

"थांबा, थांबा! कान सोडू नका!" मांडवात खसखस पिकली. अजिनाथला मात्र सप्तपदीतला तो बाप डोळ्यांपुढं दिसायला लागला. "बाजारची ती बाजारचीच," असं पुटपुटत त्यानं बॅटरी उपसली आणि ठिपक्याची घातली. पडदा उजळला. सिदूनं कान असा पिळला, की नवरदेव "अयाई गं!" करून उठलाच, आणि प्रियदर्शनी त्या दिवसात पहिल्यांदा खळखळून हसली. ते हसू नेमकं मिळालं. "याला म्हणतात कंपनी!" अजिनाथ स्वतःवरच खूश झाला.

पंगत बसल्यावर त्यानं चांगली बॅटरी वाचवावी म्हणून बाहेर काढली. घामानं ओला अंगठा ठिपक्यावरून फिरला आणि लाल झाला. नेलपॉलिश कधी पुसतं का? त्यानं मघाची मेलेली बॅटरी काढून बघितली. तिच्यावरही लाल ठिपका. नखानं खरवडला तरी हलेना. वरून ती मधोमध फुगलेली.

त्यानं घरी बायकोला फोन लावला. "अंबू, खंडेनवमीला बॅटऱ्यांनापण कुंकू लावलंस काय गं?"

"मग? सगळ्या एका पाटावर मांडलेल्या. त्या काय काम करत न्हाईत व्हय? सगळ्यांनाच लावलं की."

अजिनाथनं फोन ठेवला. ऐन वेळी मान टाकणारी कंपनीची निघाली, आणि लाज राखली ती परकीनं. त्याला त्या पोराचं हसत खाली उतरणं आठवलं, आणि त्याला स्वतःचीच भयंकर लाज वाटली. आजवर किती जणांना आपण असं खाली उतरवलं असेल?

कुंकवाचीच बॅटरी परत घालून तो पंगतीतून धावत सुटला. सिदू खांद्याला बॅग अडकवून दाराशी पोचला होता.

"फॅमिली फोटो परत घ्यायचाय! घरचे सगळे वर या!" सगळे हात धुऊन चढले. सिदू दारातच उभा. "ए सिदू! तुला काय अक्षत देऊन बोलवायचं का? चल वर!"

सिदू बॅगेसकट वर आला. बिरुदेवानं त्याला आपल्यात आणि पोरीत ओढून घेतलं आणि त्याचा दंड सोडलाच नाही. अजिनाथनं एकाला दोन फोटो काढले.

"काका, मघाचा बिघडला व्हय?" प्रियदर्शनीनं विचारलं.

"बिघडलाच होता," अजिनाथ म्हणाला. "त्यात एक सख्खा कमी होता."