लॉजच्या खोलीतला खारा बांगडा

माझी चूक आधी सांगतो. खारा बांगडा मी भाजला आणि नाव आईचं सांगितलं.

वडील दवाखान्यात होते. गावाहून रोज येणं-जाणं जमत नव्हतं, म्हणून आई आणि मी कसालला हायवेवरच्या एका लॉजमध्ये खोली घेतली. वडिलांना बाहेरचं जेवण जात नव्हतं. आईने घरून विजेची शेगडी, एक टोप आणि उकड्या तांदळाची पिशवी आणली होती. खिडकीखालच्या स्टुलावर ती सकाळ-संध्याकाळ पेज शिजवायची. डबा भरून आम्ही दवाखान्यात जायचो आणि उरलेली पेज लोणच्याबरोबर आम्ही दोघं खायचो. मॅनेजरने शेगडीकडे कानाडोळा केला होता. "पेजेपुरती वापरा, काकी," एवढंच तो म्हणाला होता.

वडील घरी येईपर्यंत मासे खाणार नाही, असं आईने देवीला सांगितलं होतं. मला हे ठाऊक होतं. तरी दहाव्या दिवशी, आई आंघोळीला गेलेली असताना, मी बाजारातून आणलेला खारा बांगडा शेगडीवर ठेवला. पेजेचा कंटाळा आला होता, एवढंच कारण.

वास जिन्यापर्यंत गेला. मॅनेजर दार वाजवत आला तेव्हा आई नुकतीच बाहेर येऊन केस पुसत होती.

"बांगडो कोणी भाजलो? शेजारचो गिराईक बॅग घेवन खाली येवन बसलोहा!"

मी पन्नाशीचा माणूस. म्हणालो, "आईने. जुनी माणसं, ऐकत नाहीत."

आईने माझ्याकडे पाहिलं. मग मॅनेजरकडे. म्हणाली, "चुकला माझा." तो शेगडी उचलून खाली घेऊन गेला. दवाखान्यात डबा पोचवायचा आहे, हे तिने त्याला सांगितलं नाही, आणि मीही सांगितलं नाही. तेव्हा बोललो असतो तर त्याने शेगडी ठेवली असती.

त्या दिवशी वडिलांसमोर कॅन्टीनची खिचडी ठेवली. त्यांनी चमच्याने ती बाजूला सारली.

"पेज खंय गो?"

"तांदूळ सोपले," आई म्हणाली. खोलीतले तांदूळ संपले नव्हते.

"सोपले? तुज्या म्हायेरच्यांनी खाल्ले काय?" ते हसले. मी पाहिलेलं त्यांचं ते शेवटचं हसणं. आईही हसली, आणि खिचडीतली डाळ बोटाने चिवडत राहिली. मी खिडकीपाशी जाऊन उभा राहिलो.

दुसऱ्या दिवशीही त्यांनी दोन घासच खाल्ले. तिसऱ्या दिवशी पहाटे ते गेले. डॉक्टर म्हणाले, जेवणाचा काही संबंध नाही, किडन्या थांबल्या होत्या. मी ते ऐकलं, पण त्याने मला काही हलकं वाटलं नाही. दोन दिवस त्या माणसाला हवी ती पेज मिळाली नाही, आणि ती माझ्यामुळे मिळाली नाही.

दिवसकार्य झालं. माणसं पांगली. त्या बांगड्याबद्दल आई कुणालाही काही बोलली नाही. माझ्या भावाला नाही, मावशीला नाही. मी मुंबईला परतलो, तिला फोन करत राहिलो आणि दर वेळी तब्येतीचं विचारून ठेवत राहिलो.

यंदा आंगणेवाडीच्या जत्रेला गावी गेलो. दुपारी आई मागच्या पडवीत काजू निवडत बसली होती. मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो.

"आये, तो बांगडो मी भाजललो. तुका ठावक होता."

"होता."

"मी तुज्यावर ढकललंय, आणि बाबांची पेज बंद केलंय. माका माफ कर, आये."