जिथं शेतच नाही, तिथला बांध

आधीच सांगतो, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कंपनीत मालाची क्वालिटी बघतो. मोजून दाखवलं तरच खरं, ही सवय हाडात मुरली आहे. या कॉलममधले अनुभव वाचून आजवर हसत आलो. आता तुम्ही हसा...

गेल्या जुलैची गोष्ट. माझी लेक कॅनडात असते. तिनं आम्हा नवरा-बायकोसाठी अगदी उत्तरेकडच्या, आर्क्टिकमधल्या एका ओसाड माळरानावर कॅम्पिंग बुक केलं. रस्ता नाही, गाव नाही, झाड तर औषधालाही नाही. छोटं विमान माळावर उतरवून जातं आणि ठरल्या दिवशी न्यायला येतं. थंडीचं नाव ऐकताच बायकोनं हात जोडले. मग तयार झाली माझी थोरली बहीण — अक्का. अजिंठ्याजवळ तिची शेती आहे, दाजी गेल्यापासून एकटीच बघते. साठी उलटली, पण उत्साह दांडगा.

"तिथं दिवस मावळतच नाय म्हणं. मग माणसं दिवा कव्हा लावतेत?" हा तिचा पहिला प्रश्न.

खरंच, तिथं चोवीस तास उजेड. सोबत अ‍ॅना नावाच्या तिकडच्याच एक गाइड बाई होत्या. अस्वलांमुळे अन्नाचा कणही बाहेर ठेवायचा नाही, हा त्यांचा कडक नियम. आणि अक्कानं पहिल्याच जेवणाला दशमीचा तुकडा दगडावर ठेवला. बाईंनी तो लगेच उचलला.

"त्यांना सांग, अस्वलाला नाय, जागेवाल्याला ठेवलाय," अक्का म्हणाली.

मी सांगितलं. बाई हसल्या, पण नियम तो नियम. शेवटी अक्कानं तो तुकडा चारी दिशांना दाखवला आणि स्वतःच खाऊन टाकला.

तिसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर अक्का "टेकाडामागं जाऊन येते" म्हणून गेली. तिच्या पाठोपाठ धुकं उतरलं. आधी समोरची नदी दिसेनाशी झाली, मग बाजूचा तंबूही. नदी म्हणजे वितळलेल्या बर्फाचं पाणी, मांडीपर्यंत खोल, धार जोरकस. अक्काला पोहता येत नाही. मी हाका मारल्या, उत्तर नाही. अ‍ॅनाबाई शिट्टी वाजवत होत्या, मी पातेल्यावर चमचा बडवत होतो. तंबू सोडून जायचं नाही, नाहीतर दोघांना शोधावं लागेल, असं त्यांनी बजावलं होतं. दाजी गेल्यावर तिला म्हणालो होतो, "मी आहे ना" — आणि मीच तिला जगाच्या टोकाला आणून हरवलं. दुसरं काही सुचत नव्हतं.

बऱ्याच वेळानं धुक्यातून अक्का आली. सावकाश, हात मागे बांधून, शेताला फेरी मारून यावी तशी.

"कुठं होतीस?" मी धावत पुढे गेलो.

"बांधानं गेले व्हते."

"कुठला बांध?"

"ह्यो काय, इथूनच निघतो. चांगला रुंद हाय. म्हटलं, कुठवर जातो बघावं. पल्याड दगडावर बसले जरा, अन् त्याच बांधानं माघारी आले. कुणीतरी आत्ताच गवत कापलं व्हतं, लई छान वास सुटला व्हता."

"आम्ही इतका आवाज करतोय, ऐकू नाही आला?"

"आला की. मला वाटलं, भांडी घासताय."

अ‍ॅनाबाईंना सगळं इंग्रजीत सांगितलं, तर त्या अक्काच्या पायांकडे बघत राहिल्या. मग माझंही लक्ष गेलं. बूट कोरडे, पँटही कोरडी.

धुकं वर गेलं तेव्हा तिनं दाखवलेल्या दिशेला फक्त नदी होती. बांध नाही, पूल नाही, काही नाही. आणि पलीकडच्या काठावर, एका दगडावर, जाताना अक्काच्या गळ्यात असलेला मरून रंगाचा मफलर. अ‍ॅनाबाई काठी टेकत पाण्यातून गेल्या आणि मांडीपर्यंत भिजून तो घेऊन आल्या. मग चहा त्यांनी आधी अक्काला दिला.

"भीती नाही वाटली?" मी विचारलं.

"कशाची? बांध हाय म्हंजी कुणाचं तरी रान हाय." चहाचा घोट घेऊन ती म्हणाली, "घरी एकटी असले की वाटतं कधीमधी. तिथं नाय वाटलं."



नंतर मी खूप डोकं चालवलं. पाणी ओसरलं असेल, वाळूचा पट्टा वर आला असेल... पण वाळूवर कापलेलं गवत कुठून येणार?

उरलेले दिवस मात्र मजेत गेले. फक्त मी अक्काच्या स्वेटरची बाही सोडली नाही. विमानाची वाट बघताना ती वैतागली, "सोड की आता. मी काय पळून जाते व्हय?"

"परत बांध लागला तर एकटी जाऊ नको. मला हाक मार."

"अन् तुला दिसलाच नाय तर?"

"नाही दिसला तरी तुझ्या मागून येईन," मी म्हणालो.