पूल आणि मेन स्विच

वडिवळ्यात इंटरनेट म्हणजे केबलवाल्याची मेहेरबानी. नेटचा कायमचा पत्ता, म्हणजे आयपी, दे म्हणून त्याच्या मागे लागून लागून मी थकले. घरचं नेट बंद पडून परत सुरू झालं की त्याचा पत्ता बदलतो, आणि माझं सगळं काम त्या पत्त्यावर चालायचं. तो म्हणायचा, "मॅडम, यूट्यूब चालतंय ना? मग?" डोकंच फिरायचं माझं.

काम म्हणजे एक पूल. टीव्हीशेजारी साबणाच्या डबीएवढा कॉम्प्युटर. ज्या देशांत नेटची दारं बंद करतात, तिथल्या माणसाला ओळख न दाखवता माझ्या घरावरून पलीकडे जाता यावं, एवढ्यासाठी तो सतत चालू ठेवायचा. लोणावळ्याच्या हॉटेलात बुकिंगवर बसून दिवसभर पर्यटकांची बोलणी खायची आणि घरी येऊन त्याचा हिरवा दिवा बघायचा. बरं वाटायचं.

पुलावरून कोण जातं ते मला दिसत नाही, दिसूही नये. पण एकाचं ठाऊक होतं. शेजारच्या मावशींचा मुलगा परदेशात वेल्डर आहे. सुट्टीला आला तेव्हा पुलाचा पत्ता मीच त्याच्या फोनात घालून दिला होता. पुढे तिकडे दंगली पेटल्या. फोन बंद, व्हॉट्सअ‍ॅप बंद. तरी रोज संध्याकाळी पुलावरून माझ्या मोबाईलवर त्याचा मेसेज यायचा, 'ठीक आहे, आईला सांग.' एकदा त्यानं कळवलं, 'इथून हलवणार आहेत आम्हाला. कुठं ते उद्या सांगतो.'

दुसऱ्या दिवशी परतीच्या पावसानं गाठलं. कामावरून सुटून कामशेत स्टेशनला उतरले, भिजत घरी आले तर घरात अंधार, आणि मावशी त्यांच्याकडे ठेवलेली माझ्या घरची किल्ली घेऊन दारात.

"मेन पाडला गं. इजा काय कडकडत्यात! तुजा टीव्ही जळाला आसता."

"मावशी, तो डबा बंद करू नका म्हणून किती वेळा सांगितलं!"

"डब्याला हातबी न्हाई लावला. मेन पाडला फकस्त."

आमच्याकडे वीज कडाडली की आधी मेन पाडतात, आणि शेजारी घरी नसला तर त्याचाही. शेजारधर्मच तो!

मी धावत मेन चढवला. दिवा हिरवा झाला, पण पत्ता नवा. मावशींच्या मुलाच्या फोनात जुना. नवा पत्ता मेसेजनं पाठवला, पण तो वाचायलाही त्याला तोच पूल हवा! जुना पत्ता परत मिळावा म्हणून केबलवाल्याशी भांडले, शेवटी रडले. "ते आपोआप बदलतं मॅडम, आपल्या हातात नाय," तो म्हणाला. आग लागो त्या आपोआपला! मावशींना मात्र एवढंच सांगितलं, की यापुढं माझा मेन पाडू नका, त्याचे मेसेज या डब्यातूनच येतात, दिवा चालू राहिला पाहिजे. मेन पाडल्यानंच त्याचा रस्ता तुटला, हे सांगितलं नाही.

त्याचा मेसेज पुन्हा आला नाही.

काही दिवसांनी परत गडगडायला लागलं. मावशींनी स्वतःच्या घरचा मेन पाडला आणि माझ्याकडे येऊन बोर्डाखाली पाट टाकून बसल्या. वीज कडाडली की दचकायच्या, पण जागच्या हलल्या नाहीत. त्या दिवशी घरी आलेला माझा भाऊ सवयीनं स्विचकडे गेला तर मावशींनी त्याच्या हातावर फटका मारला.

"दिवा हिरवाच हाय न्हवं?" त्यांनी मला विचारलं.

"आहे, मावशी."

"मंग यील त्याचा मेसेज. आता न्हाई कुणाला बंद करू द्यायची मी."