नकाशा स्वच्छ करून मिळाला

मंडळी, आमच्याकडे सह्याद्रीचा एक मोठा चित्र-नकाशा आहे, घारीच्या नजरेनं सगळे डोंगर रंगवलेला. आज सदाशिव पेठेतल्या फ्रेमवाल्याकडून तो नव्या फ्रेममध्ये घेऊन आलो.

"काका, पेन्सिलीची गिचमिड होती सगळीकडे. खोडून दिली. फार वेळ गेला हो त्यात," तो म्हणाला.

ती गिचमिड माझ्या दिवंगत पत्नीची होती. आम्ही चढलेल्या प्रत्येक गडाशेजारी ती एक ओळ लिहायची.

मी "छान झालंय" म्हणालो. घरी येऊन नकाशा टांगला. रडूबिडू आलं नाही. शाळेतल्या कविता मला अजून तोंडपाठ आहेत, पण तोरण्याशेजारी तिनं काय लिहिलं होतं, ते दुपारपासून आठवत नाहीये.

आमच्या घरी येणाऱ्यांपैकी कुणी ते वाचलं होतं का?