टपालपेटीवरचं दुसरं आडनाव

मंचरच्या खोलीवर आज बटाट्याच्या काचऱ्या तेलात टाकल्या आणि त्या वासासरशी कार्मेनबाईंचं स्वयंपाकघर आठवलं. स्पेनमध्ये शिकत असताना मी त्यांच्याकडे भाड्याने राहत होते. पहिल्याच आठवड्यात, बटाट्याचं आम्लेट उलटता उलटता, दाराच्या टपालपेटीवर लिहायला त्यांनी माझं नाव विचारलं. मी नुसतं नाव सांगितलं.

"आडनाव?"

माझ्या कपाळावर आठी चढली. चळवळीची पत्रकं वाटत वाढलेली मुलगी मी. आपल्याकडे आडनाव कशासाठी विचारतात आणि ते कळल्यावर पाण्याचा पेला कसा बदलतो, हे मी पाहिलेलं होतं. तरी सांगितलं.

"आणि दुसरं?"

मी वडिलांचं नाव सांगितलं. बाई हसल्या. "अगं, आईचं आडनाव! इथे दोन्ही लावतात."

बायकांच्या हक्कांवर मी भाषणं ठोकायचे. मामाचं आडनाव मला ठाऊक होतं. ते आईचंही आहे, हे कधी सुचलंच नव्हतं.

रविवारी गावी, शिनोलीला, घरी फोन केला. "आई, इथं पेटीवर तुझं आडनाव लावलंय."

"माझं? म्हंजी आपलंच की."

"न्हाई गं. लग्नाआधीचं."

  

ती म्हणाली, "नीट लिव्हलंय ना? शाळंत मास्तर लई चुकवायचे."

मी तिला एकेक अक्षर सांगितलं.